मी छापलेले सातवे कलम

पांगो गावात मला माझ्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. सगळे मला ‘काल्ताऊमामांचं चाक’ म्हणतात. मित्रांनो, तसा मी चाक नाही. मी हाताने फिरवायचे सायक्लोस्टाइल यंत्र आहे. एक ड्रम, त्याला एक दांडा, खाली कागद सरकवायची फळी आणि पोटात काळी शाई, एवढाच माझा संसार. मेणकागदावर टाइप केलेला मजकूर ड्रमवर चढवायचा आणि दांडा फिरवायचा. एका फेऱ्याला एक कागद बाहेर पडतो. ज्याने तो मेणकागद टाइप केला त्याच्या मनात जे असेल तेच त्या कागदावर उमटते. त्यात माझे काहीच नसते. माझ्या आयुष्यातले सगळे दुःख आणि सगळा मानही यातूनच आला.

माझा जन्म फार लांब, लंडनजवळच्या एका कारखान्यात झाला. हिरवा रंग चढवून, लाकडी खोक्यात गवत भरून मला जहाजात घातले आणि १९५८ साली पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर, पोर्ट व्हिलाच्या धक्क्यावर उतरवले. त्या काळी या बेटांवर इंग्रज आणि फ्रेंच असे दोघे मिळून राज्य करत. दोघांचे पोलीस वेगळे, तुरुंग वेगळे, शाळा वेगळ्या आणि कायदेही वेगळे. मी इंग्रजांच्या कचेरीत लागलो. फ्रेंचांच्या कचेरीतही माझ्याच जातीचे एक यंत्र होते. आम्ही दोघे दिवसभर हुकूम छापायचो, ते फ्रेंचमध्ये आणि मी इंग्रजीत. ज्या लोकांसाठी ते हुकूम होते, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ते वाचता येत. आणि मित्रांनो, इथे जन्मलेला माणूस तेव्हा इंग्रजांचाही नागरिक नव्हता आणि फ्रेंचांचाही नव्हता. स्वतःच्या बापजाद्यांच्या बेटावर तो कोणाचाच नव्हता.

माझा दांडा फिरवायला काल्ताऊ नावाचा एकोणीस वर्षांचा शिपाई ठेवला होता. पांगो गावचा, रुंद खांद्यांचा, फार न बोलणारा. त्याला एक खोड होती. बाहेर पडलेला पहिला कागद तो उजेडात धरून ओठ हलवत वाचायचा. सगळा वाचून झाल्याशिवाय दुसरा कागद काढायचा नाही. एखादा शब्द अडला तर तो तळहातावर लिहून ठेवायचा आणि जेवणाच्या सुटीत कारकुनाला विचारायचा.

एकदा साहेबांनी त्याला हटकले. “काल्ताऊ, तुला दांडा फिरवायला ठेवलंय. वाचायला नाही.”

“हात फिरवतोय की साहेब,” तो म्हणाला. “डोळे रिकामेच होते.”

साहेब हसले आणि निघून गेले. काल्ताऊ वाचत राहिला. असा तो बावीस वर्षे वाचत होता. जमिनीचे कायदे, मजुरीचे नियम, कोर्टाचे निकाल, जे जे माझ्यावरून गेले ते ते त्याच्या डोळ्यांखालून गेले. कोणत्याही कॉलेजात न जाता तो माणूस कायदा शिकला. त्याच्यासारखा विद्यार्थी मी पुन्हा पाहिला नाही.

मग १९८० साल आले. दोन्ही झेंडे उतरले आणि वानुआतू देशाचा एकच झेंडा चढला. कचेरी आवरताना दोन हमालांच्या हातून मी पायरीवर पडलो. ड्रमच्या कडेला पोचा आला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, तळाशी, नखाएवढी एक कोरी खूण राहते. साहेब म्हणाले, “हे मोडीत टाका.” काल्ताऊने मला मागून घेतले आणि ट्रकच्या मागच्या बाजूला, मांडीशी धरून, पांगोला आणले.

आता गावातले सगळे लहानथोर त्यांना काल्ताऊमामा म्हणू लागले होते. मीही तसेच म्हणेन. मामांनी मला चर्चच्या सभागृहात, पत्र्याच्या छपराखाली, एका टेबलावर ठेवले आणि दर शनिवारी सकाळी वर्ग सुरू केला. व्हिलाच्या शाळांतली वरच्या वर्गांतली मुले यायची, बंदरावर काम करणारे दोघे-तिघे यायचे, आणि भाजीबाजारातून परतताना बायकाही टोपल्या खाली ठेवून बसायच्या. प्रत्येक धड्याचा एक कागद बिस्लामा भाषेत मी छापायचो. बिस्लामा सगळ्यांना कळायची. इंग्रजी शाळेतली आणि फ्रेंच शाळेतली मुले एकमेकांशी त्याच भाषेत भांडायची.

पहिला धडा राज्यघटनेचा असे. मामा घटनेची प्रत दोन्ही हातांत धरून उभे राहत आणि विचारत, “याच्या आधी तुमचे वडील कोण होते?”

“माझे वडील मासेमार होते,” कोणीतरी म्हणे.

“ते झालं काम. कुठल्या देशाचे होते?”

मुले एकमेकांकडे बघत.

“कुठल्याच नाही,” मामा सांगत. “या कागदाने त्यांना पहिल्यांदा नागरिक केलं. बोलायचा हक्क दिला, एकत्र जमायचा हक्क दिला. कायद्यापुढे गावप्रमुख आणि गडी सारखे, असं यात लिहिलंय. म्हणून हा कागद सगळ्यात खाली. जमिनीसारखा. बाकी सगळं याच्यावर उभं राहतं.”

दुसरा धडा कराराचा. त्यात फार हशा पिकायचा. मामा म्हणत, “मी म्हणालो, माझं डुक्कर घे आणि तुझ्या तीन चटया दे. करार झाला का?”

“नाही,” मारीरोज म्हणायची. ही मुलगी फ्रेंच शाळेतली, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. “मी हो म्हणेपर्यंत नाही. आणि आधी मी डुक्कर बघणार.”

“शाबास. मी देऊ केलं, तू कबूल केलंस. तुला काही मिळालं, मलाही काही मिळालं. आणि दोघांना माहीत होतं आपण काय करतोय. आता मी जर तुला काठी दाखवून हो म्हणायला लावलं तर?”

“मग तो करार नाही, चोरी आहे.”

“आणि डुक्कर आजारी आहे हे मी लपवलं तर?”

“तर मी तुमच्या बायकोला सांगेन.”

सगळे हसत. मामाही हसत. मग तिसरा धडा यायचा, तो कामगार कायद्याचा. मामा फळ्यावर कोनफळांच्या वाडीचे चित्र काढत. भोवती कुंपण, बाहेर डुकरे. “मालक आणि कामगार करार करतात, तो या कुंपणाच्या आत,” ते सांगत. “आत काय लावायचं ते दोघांनी ठरवा. पण कुंपण कायद्याने घातलंय. किती तास काम, किती सुटी, कामावरून काढायचं तर आधी काय सांगायचं. दोघांनी मिळून ठरवलं तरी कुंपण काढता येत नाही. कारण एकाच्या घरात चूल पेटायची असते, आणि अशा माणसाकडून कुठल्याही गोष्टीला हो म्हणून घेता येतं.”

ते दिवस माझे सुखाचे होते. माझे कागद ओट्यांवर, बसमध्ये, बंदरावर वाचले जायचे. कोणी कोणी ते केवड्याच्या चटईखाली जपून ठेवायचे.

कागद आणि शाई यांचा खर्च निघावा म्हणून मामा बाहेरची कामेही घेत. चर्चची गाणी, फुटबॉलच्या सामन्यांचे वेळापत्रक, लग्नाची आमंत्रणे. १९८४ साली समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलचा ड्रायव्हर तयार मेणकागद घेऊन आला. हॉटेलात नवे कामगार घ्यायचे होते, जुन्यांच्याही सह्या नव्याने घ्यायच्या होत्या, त्यांचा करारनामा. साठ प्रती हव्या होत्या. बाहेर गाडी चालू ठेवून तो दारात उभा होता. त्या दिवशी मामांच्या पुतण्याचे लग्न होते, आवारात तापलेल्या दगडांवर किसलेल्या कोनफळांचे लाप-लाप पानांत बांधून शिजत होते आणि नारळाच्या दुधाचा वास सभागृहापर्यंत येत होता. मामांना चार जण चार बाजूंनी हाका मारत होते.

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच मामांनी पहिला कागद उजेडात धरला नाही. त्यांनी दांडा धरला आणि फिरवत राहिले. साठ वेळा ती अक्षरे माझ्यावरून गेली. मी थांबू शकलो नाही. थांबणे माझ्या हातात नव्हते.

पुढे दीड वर्षाने, एका शनिवारी, वर्ग अर्धा झाला असताना लेइसोंगी दारात येऊन उभी राहिली. ती मामांच्या आईच्या गावची, तेवीस वर्षांची. हॉटेलच्या धुलाईघरात चादरी आणि टॉवेल धुवायच्या कामावर होती. तिला सातवा महिना लागला होता. हातात घडी घातलेला कागद होता.

“मामा, वर्ग झाल्यावर येऊ?”

“आत्ताच ये. उभी राहू नकोस, बस आधी.”

ती बसली आणि कागद तसाच मुठीत धरून म्हणाली, “मला कामावरून काढलंय. म्हणजे काढलं नाही म्हणतात. म्हणतात, तू स्वतःच सोडलंस.”

“तू सोडलंस?”

“मी सोमवारी नेहमीसारखी गेले. मुकादम म्हणाला, पोट दिसायला लागलं, आता तुझं नाव यादीत नाही. मी म्हटलं, मी काम करू शकते. तो म्हणाला, तूच सही केलीस, वाच कलम सात.” तिने कागद पुढे केला. “मामा, हे इंग्रजीत आहे. मी फ्रेंच शाळेत सहावीपर्यंत गेले. त्यांनी सांगितलं, पगारासाठी सही लागते. मी केली.”

मामांनी कागद उलगडला. त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता. त्यांनी मजकूर वाचायच्या आधी कागदाचा खालचा उजवा कोपरा पाहिला. तिथे नखाएवढी कोरी खूण होती. मामा बराच वेळ त्या खुणेवर अंगठा ठेवून बसले. मग त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळा कागद वाचला.

वाचून झाल्यावर ते फळ्यापाशी गेले. “मुलांनो, कलम सात असं आहे. कामगार स्त्रीला दिवस गेले, तर तिने आपल्या राजीखुशीने नोकरी सोडली असं समजलं जाईल. आणि कलम अकरा. कामगाराने कुठल्याही संघटनेत जाऊ नये.” त्यांनी खडू खाली ठेवला. “आणि हे मी छापलं. याच चाकावर, याच हातांनी.”

मारीरोज म्हणाली, “मामा, तुम्ही फक्त छापलंत. लिहिलं तर हॉटेलवाल्यांनी.”

“बावीस वर्षं मी कचेरीत हेच ऐकलं, पोरी. आम्ही फक्त छापतो. मी स्वतःला म्हणायचो, मी तसा नाही, मी वाचतो. त्या दिवशी नाही वाचलं.” ते लेइसोंगीकडे वळले. “तुझी माफी मागतो.”

लेइसोंगी घाईने म्हणाली, “माफी कशाला, मामा. मला भांडायचं नाहीये. मला परत कामावर जायचंय, बस. घरात नवऱ्याचा एकट्याचा पगार आहे आणि तोही दिवस मोजून.”

“मग भांडू नकोस. विचारू या. विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.”

त्या शनिवारी ठरलेला धडा झालाच नाही. सगळ्या वर्गाने मिळून तो करारनामा कलम कलम वाचला. मारीरोज इंग्रजीही जाणत होती. ती प्रत्येक वाक्य बिस्लामात सांगायची आणि मामा विचारायचे, “हे कुंपणाच्या आत आहे की बाहेर?” पहिली सहा कलमे आत होती. कामाचे तास, पगाराचा दिवस, गणवेश, सगळे ठीक होते. सातव्यापाशी बंदरावर काम करणारा एक जण म्हणाला, “बाहेर. कायद्यात बाळंतपणाची सुटी आहे. आधी सहा आठवडे, नंतर सहा.” अकराव्यापाशी दोन-तीन आवाज एकदम आले. “हे तर घटनेच्याच विरुद्ध आहे.”

मामांनी मेणकागद घेतला. वर मूळ कलम, त्याखाली त्याचे बिस्लामा आणि त्याखाली कायदा काय म्हणतो, अशा तीन ओळी प्रत्येक कलमासाठी त्यांनी टाइप केल्या. एक अक्षर चुकले की त्यावर गुलाबी रंगाचे औषध लावायचे, फुंकर मारून वाळवायचे आणि पुन्हा अक्षर मारायचे. दुपारपर्यंत हे चालले. मग पहिला कागद निघाला. मामांनी तो उजेडात धरून वाचला. मग लेइसोंगीला दिला. तिने वाचला. मग मारीरोजने. तिघांनी मान डोलावल्यावर दांडा पुन्हा फिरला. मित्रांनो, मी हजारो हुकूम छापले आहेत, पण माझ्यातून निघालेला कागद आधी ज्याच्याबद्दल आहे त्यालाच वाचायला दिला, असे त्या दिवशी प्रथमच झाले. आजही तो दिवस मला माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस वाटतो.

ते कागद आणि सरकारच्या कामगार कचेरीला द्यायचा एक अर्ज घेऊन लेइसोंगी मागच्या दाराने धुलाईघरात गेली. लेइसोंगीच्या सोबतिणींनी ते ओल्या हातांनी घेतले आणि दोरीवरच्या चादरींच्या आड उभे राहून वाचले. त्यांतली सर्वांत जुनी बाई नाओमी. पन्नाशीची, जिभेची तिखट. ती पहिल्यांदा म्हणाली, “माझं बाळंतपणाचं वय गेलं ग. सातवं कलम मला काय करणार आहे?”

“अकरावं वाच, मावशी,” लेइसोंगी म्हणाली.

नाओमीने अकरावे वाचले. “म्हणजे आपण चौघीजणी मिळून मुकादमाशी बोललो तरी गुन्हा?”

“तसं लिहिलंय.”

“मग गेली दहा वर्षं रोज तेच करतोय आपण. वर मॅनेजरला सांगायला कोणी गेलं नाही म्हणून वाचलो.” तिने पेन मागितले आणि त्या अर्जावर पहिले नाव स्वतःचे घातले. तिच्यामागून तेरा जणींनी सह्या केल्या. दोघींनी केल्या नाहीत. त्या भ्यायल्या होत्या आणि त्यांना कोणी बोल लावला नाही.

ही बातमी पांगोत पोचायला वेळ लागला नाही. चर्चच्या सभागृहाचे छप्पर वादळात उडाले होते, तेव्हा नवे पत्रे त्याच हॉटेलने दिले होते. चर्चच्या मंडळातले एक जुने गृहस्थ, कालमेट, मामांचे लहानपणचे मित्र, भेटायला आले.

“काल्ताऊ, या पत्र्याखाली बसायचं आणि पत्रा देणाऱ्यालाच दगड मारायचा?”

“दगड कुठे मारतोय, कालमेट? वाचतोय.”

“मग बाहेर बसून वाच. मंडळाने ठरवलंय. मला सांगायला पाठवलं.”

“तुला काय वाटतं?”

कालमेट यांनी माझ्याकडे पाहिले, मग फळ्यावरच्या कुंपणाच्या चित्राकडे. “मला वाटतं तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण पत्रा गळायला लागला तर लोक मला विचारतील, तुला नाही.”

त्या दुपारी चार मुलांनी मला उचलले आणि मामांच्या अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाखाली नेऊन ठेवले. एका बाजूने कालमेट यांनीही हात लावला. पुढचा वर्ग तिथेच भरला. पाऊस आला की मला ताडपत्री घालत आणि मुले भिजत बसत.

कामगार कचेरीत मी नव्हतो. पण त्यानंतरच्या शनिवारी लेइसोंगीने झाडाखाली बसून सगळे सांगितले आणि मी ते जसेच्या तसे लक्षात ठेवले आहे.

टेबलाच्या एका बाजूला हॉटेलचे व्यवस्थापक ड्रेपर होते, ऑस्ट्रेलियाहून आलेले. दुसऱ्या बाजूला लेइसोंगी, नाओमी आणि मामा. मध्ये कामगार अधिकारी बुले, पेंटेकोस्ट बेटावरचे तरुण गृहस्थ. ड्रेपर यांनी करारनामा पुढे सरकवला. “ही हिची सही आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती.”

बुले यांनी तिला विचारले, “सही तुझी?”

“माझीच आहे,” ती म्हणाली. “पण मी कशावर सही केली ते मला गेल्या महिन्यात कळलं. दीड वर्षानंतर.”

“मिस्टर ड्रेपर, हिला हे कुठल्या भाषेत समजावून सांगितलं?”

ड्रेपर यांनी करारनामा उलटून पाहिला. “सांगितलं नसावं,” ते म्हणाले. “मी तेव्हा इथे नव्हतो. नमुना फाइलमध्ये होता.”

“तुम्ही स्वतः वाचलाय का?”

“थोडासा.”

“कलम सात मोठ्याने वाचता?”

ड्रेपर वाचू लागले. ‘राजीखुशीने’ या शब्दापाशी ते अडले. समोर लेइसोंगी दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. त्यांनी वाक्य पुरे केले आणि कागद खाली ठेवला.

बुले म्हणाले, “आता माझं ऐका. हिला इंग्रजी येत असतं, हिने शब्द न् शब्द वाचला असता आणि हसत सही केली असती, तरी हे कलम टिकलं नसतं. बाळंतपणाची सुटी कायद्याने दिलीय. ती सोडून द्यायचा अधिकार हिलाही नाही आणि काढून घ्यायचा तुम्हालाही नाही. अकराव्याचं तर बोलायलाच नको. ते खोडायला माझीही गरज नाही. घटना वाचली की पुरे.”

आता मामांनी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा. “साहेब, अर्जात एक गोष्ट लिहायची राहिली. हा करारनामा मी छापला. न वाचता छापला. तेवढं नोंदवून घ्या.”

“ते कायद्याने आवश्यक नाही,” बुले म्हणाले.

“मला आवश्यक आहे.”

बुले यांनी पेन उचलले आणि ते लिहून घेतले.

लेइसोंगीचे नाव यादीत परत आले. तिला सुटी मिळाली, आणि बाळ दीड महिन्याचे झाल्यावर ती कामावर परतली. ड्रेपर यांनी सातवे आणि अकरावे कलम काढून नवा करारनामा केला, तीन भाषांत. तो छापायला त्यांनी स्वतः पांगोला गाडी आणली. मामांनी त्यांना झाडाखालच्या बाकावर बसवले, नारळ फोडून दिला, आणि तिन्ही पाने वाचून होईपर्यंत दांड्याला हात लावला नाही. ड्रेपर नारळाचे पाणी पीत थांबले. जाताना त्यांनी मामांशी हात मिळवला आणि त्यांच्या तळव्याला माझी शाई लागली.

सगळेच गोड झाले, असे मात्र मी सांगणार नाही. नाओमीचा करार एका वर्षाचा असे आणि दरवर्षी वाढवला जाई. या वेळी वर्ष संपले आणि तो पुढे वाढवला गेला नाही. कारण विचारले तर सांगितले की जागा कमी केल्या आहेत. मामांनी कायद्याची सगळी पाने उलटली, बुले यांनाही भेटून आले, पण मुदत संपलेल्या कराराला जागे करणारे कलम त्यांना सापडले नाही. मी मामांना एवढे खचलेले कधी पाहिले नव्हते. नाओमीच त्यांची समजूत घालायला आली. ती आता बाजारात लाप-लाप विकत होती आणि एक मोठा तुकडा पानात बांधून घेऊन आली होती.

“खा,” ती म्हणाली. “तोंड पाडून बसू नका. मला कोणी फसवून सही करायला लावली नव्हती, मामा. मी अर्ज वाचला, मग नाव घातलं. उद्या परत घालीन.”

मामांनी तो तुकडा खाल्ला आणि पुढच्या शनिवारी वर्गात एक नवा धडा घेतला. त्या कागदाचे नाव होते, ‘कायदा कुठे अपुरा पडतो’. त्यांच्या सगळ्या धड्यांत मला तो धडा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

नंतरची वर्षे भराभर गेली. व्हिलात झेरॉक्सची दुकाने निघाली. बटण दाबले की कागद, हात काळे होत नाहीत. माझी शाई मिळेनाशी झाली, मग मेणकागदही. १९९६ मध्ये मामा गेले. त्यांच्या दफनाला बंदरावरचे हमाल आले, दोन वकील आले, एक न्यायाधीशही आले. वकील आणि न्यायाधीश, तिघेही त्या झाडाखाली शिकलेले. त्यानंतर मी मामांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून होतो. माझ्या फळीवर कोंबडी अंडी घालायची. समुद्राचा खारा वारा अंगाला लागून माझा हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटला. दांडा अडकला तो अडकलाच. अकरा वर्षे कोणी मला पुसले नाही, आणि खरे सांगायचे तर माझी तक्रारही नव्हती, कारण मला उपयोगच उरला नव्हता.

एके दिवशी लेइसोंगी आली. केस पिकलेले, चालणे तेच. ती तोवर हॉटेलांतल्या कामगारांच्या संघटनेची चिटणीस झाली होती. तिने कोंबडीला उठवले, नारळाच्या तेलाने मला पुसले आणि व्हिलातल्या आपल्या कचेरीत खिडकीशी आणून ठेवले. तिथे ती शनिवारचा वर्ग घेते. मामांचे जुने कागद तिने पिशव्यांत घालून ठेवले आहेत आणि तेच धडे शिकवते. कुंपणाचे चित्र मात्र तिला मामांइतके चांगले काढता येत नाही. तिची डुकरे कुत्र्यांसारखी दिसतात आणि मुले तिला त्यावरून चिडवतात.

गेल्या महिन्यात तिथे एक मुलगी आली. आयरीन तिचे नाव. ऑस्ट्रेलियात फळे तोडायच्या कामाला निघाली होती, सहा महिन्यांसाठी. विमान मंगळवारी होते. तिने करार टेबलावर ठेवला. “मावशी, एजंट म्हणाला संध्याकाळपर्यंत सही करून दे. सगळ्यांनी केलीय. फक्त एकदा नजर टाका.”

“मी नाही टाकणार,” लेइसोंगी म्हणाली. “तू टाक. मोठ्याने वाच. अडलं की थांब.”

आयरीन वाचू लागली. चौदा पाने होती. तिसऱ्या पानावर ती थांबली. “राहायच्या जागेचं भाडं पगारातून कापणार. पण किती ते लिहिलंच नाही. जागा रिकामी आहे.”

“मग?”

“मग सही केल्यावर ते काहीही लिहू शकतात.”

“मग?”

आयरीन त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. दारात एजंटच्या गाडीचा भोंगा वाजला. तिने करार उचलला, सहीचे पान तसेच कोरे ठेवले आणि म्हणाली, “आधी त्यांना आकडा लिहायला सांगते. मग बघू.” आणि ती बाहेर गेली. खिडकीतून मला दिसत होते, ती गाडीच्या दाराशी उभी राहून त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून काहीतरी विचारत होती. तिचे बोट तिथून हलले नाही.

मित्रांनो, मला आता तेल नको, नवा रंगही नको. गंज लागायचा तो लागू दे. मागणे एवढेच आहे. ज्या कागदांनी तुम्हाला नागरिक केले आणि तुमच्या कष्टांना कुंपण घातले, ते कागद धूळ खात ठेवू नका, अधूनमधून काढून वाचत जा. आणि तुमच्यापुढे कोणी सहीसाठी कागद सरकवला, बाहेर गाडी चालू असली, सगळ्यांनी सही केलेली असली, तरी तो आधी उजेडात धरा. माझ्यावरून साठ वेळा सातवे कलम गेले आणि मला ते अडवता आले नाही, कारण मी यंत्र होतो. तुम्हाला थांबता येते.